घाटातला वारा

"एसी लावला तर आभाळ कोसळणार आहे का?" विभावरी नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. मे महिना, आंबोलीचा घाट, आणि गाडीच्या चारही काचा खाली.

"वारा बघ किती छान येतोय," तो समोर बघत म्हणाला. हल्ली एसी लावला की गाडी चढावर रडते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मागच्या सीटवर मृण्मयी कान देऊन इंजिन ऐकत होती. बँकेतली नोकरी सोडून लेक गॅरेजात शिकायला लागली, तेव्हा बापानं अबोला धरला होता. तो सुटला या गाडीपायी. जुन्या एअर फिल्टरचा डबा काढून तिनं नवा, उघडा, लालभडक फिल्टर बसवला, आणि त्या घुमणाऱ्या आवाजाला बाप चक्क "वा!" म्हणाला. तेव्हापासून घरात सगळे आवाजाचंच कौतुक करत.

उन्हाच्या गुंगीत विभावरीला तो आवाज समुद्रासारखा वाटू लागला. दरीतला निळसर धूसरपणा हलत होता आणि गाडी त्यावर होडीसारखी तरंगत होती, कुठंच पोचायची घाई नसल्यासारखी.

मग आंब्यांनी भरलेला टेम्पो त्यांना मागं टाकून गेला.

"बाबा, थांबवा जरा."

मृण्मयीनं बॉनेट उघडलं, फिल्टरजवळ हात नेला आणि झटकन मागं घेतला.

"आवाज मात्र झकास हं," बाप घाईनं म्हणाला.

"इंजिनाचीच तापलेली हवा ओढतोय हा, म्हणून गाडीचा जोर कमी पडतोय. जुनाच बरा होता, बाबा. चुकलं माझं." ती दरीकडे बघत राहिली. "पण परत बोलायचं थांबू नका."