झुराच्या आईचं मरण

दुपारची सुट्टी झाली तशी तापीबाई तोंडावरचा फडका सोडून लेकीजवळ येऊन टेकली. नंदुरबारबाहेरच्या, मिरची वाळवायच्या त्या पथारीवर नजर पोचेल तिथवर लाल मिरच्या पसरल्या होत्या. ऊन असं, की सगळी जमीनच तरंगते आहे असं वाटावं.

मोहिनीच्या टॅबवरही तशीच लाल जमीन होती, वर दोन चंद्र. मोबाइलच्या गेममध्ये पोरं जिच्यावर जीव टाकतात ती अंतराळवीर झुरा मूळची कुठली, ते सांगणारं कॉमिक ती काढत होती. झुराच्या आईला चेहरा हवा होता तेव्हा तिनं बेधडक आपल्या आईचा देऊन टाकला. गेमच्या कंपनीला तो आवडला, आधीची पानं छापूनही झाली. आता एकच पान उरलं होतं. ते आज गेलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आणि मोहिनीचा हात काही उचलत नव्हता.

"काय अडनं वं?" तापीबाईनं विचारलं.

"ह्या पानवर झुरानी माय मरी जास."

"मंग?"

"ती तू शे ना, माय."

तापीबाई खळखळून हसली. "इतलंच ना? दख, मी मरी दखाडस."

बारदानांच्या ढिगाच्या सावलीत ती खरंच आडवी झाली. "डोया उघडा ठेवू का मिटू?"

"मिटी ले."

मोहिनीनं रेघ ओढली. कपाळ, गाल, हनुवटी. हळूहळू आईच्या कपाळावरची आठी विरली. ओठ सैल पडले. मोहिनीचं पेन थांबलं.

"माय?"

ती घाबरून वाकली. तापीबाई घोरत होती, अगदी बारीक.

एवढा निवांत चेहरा मोहिनीनं घरी कधी पाहिला नव्हता. तिनं डोळे पुसले आणि भराभर काढत सुटली.

पथारीवर बाया कामाला लागल्या. सोबतची सरलाबाई हाक मारत आली, "तापी, ऊठ वं! मिरच्या पलटन्या शेतस ना!"

पान केव्हाच पुरं झालं होतं. तरी मोहिनीनं पेन खाली ठेवलं नाही.

"थांब मावशी," ती हळूच म्हणाली, "जरासं मरू दे तिले."