नवरोबांची सुधारित आवृत्ती

व्हिडिओ गेममधल्या हिरोला आपलाच चेहरा द्यायचा, असं नवरोबांच्या मनाने घेतलं. इंटरनेटवरून त्यासाठी गेममध्ये फेरफार करणारा मॉड उतरवून घेतला, स्वतःचा फोटो चिकटवला आणि मग जरा हात फिरवता फिरवता डोक्यावर दाट केस उगवले, दोन हनुवट्यांची एक झाली, ढेरी तर गुडूपच झाली.

"ओळख बघू, कोण हा?" त्यांनी बायकोला हाक मारली.

"तुमच्या चेहऱ्याचा भास होतो खरा," ती म्हणाली आणि कधी नव्हे ती त्यांच्या गेमच्या खोलीत टेकली.

दुसऱ्या दिवशी ती भाजी निवडायला तिथेच आली. "अहो, जरा इकडे वळवा ना त्याला. बघा, सांगितलं की लगेच उठतो. ओझीसुद्धा उचलतो, तेही कुरकुर न करता."

"अगं, तो मीच आहे."

"हो हो. तुम्ही जरा बाजूला सरका, दिसत नाहीये तो."

तिसऱ्या दिवशी ती केसबिस विंचरून आली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली, "एवढ्यात काय बंद करता, खेळा की अजून थोडा वेळ."


चौथ्या दिवशी, ती यायच्या आत, नवरोबांनी हिरोला टक्कल पाडलं आणि ढेरी होती तशी परत बसवली.