खादाड कोण?

विज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या आजोबांनी नातीला हौसेनं सांगितलं, "व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध, गुणलं की वॅट. ज्याचे वॅट जास्त, तो विजेचा खादाड!"

पोरगी व्होल्ट-अँपिअर मोजायचं मीटर घेऊन घरभर हिंडली. जेवताना तिनं निकाल जाहीर केला, "पहिला नंबर आजोबांच्या हीटरचा! दोन हजार वॅट!"

"शाब्बास!" तिचा बाप म्हणाला. हात धुऊन तो उठला आणि ऐन थंडीत वडिलांच्या खोलीतला हीटर त्यानं माळ्यावर टाकला.

सकाळी नात रडवेली होऊन उशाशी आली. "आजोबा, माझं गणित चुकलं का हो?"



दोन पांघरुणांतून डोकं बाहेर काढत आजोबा म्हणाले, "नाही गं बाळा, तुझं अगदी बरोबर आलं. तुझ्या बापाला शिकवतानाच मी कुठंतरी चुकलो."