कयाक वळली

दगडावरून कागद सोलून काढला आणि उजेडात धरला. चित्रातली कयाक, ती चिंचोळी होडी, उलट दिशेला चालली होती.

छापताना चित्र उलटतं, म्हणून दगडावर ते आधीच उलटं उतरवून घ्यायचं असतं. आमच्या या बर्फाळ बेटावरच्या छापखान्यात हे पहिल्याच दिवशी शिकवतात. पंचवीस वर्षं दगड कोरणारा मी, नेमका तेच विसरलो होतो. तेही इलिसापी आजीच्या चित्रात!

आजी दरवर्षी तेच ते चित्र काढायची. कयाकमध्ये बसून उजवीकडे, समुद्राकडे निघालेला तिचा नवरा. वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो सीलच्या शिकारीला गेला, तो परतलाच नाही.

"आजी, चुकलो. दगड घासून पुन्हा कोरतो."

ती ओल्या शाईवर वाकली. नवरा डावीकडे, गावाकडे वल्हवत येत होता. पन्नास वर्षांत त्याचं तोंड पहिल्यांदाच इकडे वळलं होतं.

"घास, लवकर घास," ती घाबरून म्हणाली. "तो अजून पोरगाच आहे रे. मला ओळखणार नाही."

मी कानस उचलली, तर तिने माझं मनगट धरलं. हात थंडगार होता.

"थांब. चित्रात किनारा येतो तिथे दगड अजून कोरा आहे ना? तिथे मला उभी कर."

"तेव्हाची?"

"आत्ताची. सगळ्या सुरकुत्या घाल. जवळ येईपर्यंत त्याला सवय होऊ दे."