ग्लॅडिसची खुशाली

डॉर्सेटच्या माळावर मोकळ्या चरणाऱ्या गाईंची रोज फेरी मारून खुशाली बघायची आणि स्वयंसेवकांच्या ग्रुपवर कळवायची, हे ऑब्रीचं निवृत्तीनंतरचं लाडकं काम. वर्षभर टिकलेल्या स्वयंसेवकाला एका गाईचं नाव ठेवायचा मान मिळतो. ऑब्रीने कळपातल्या सगळ्यात अडेल गाईला सासूबाईंचं नाव दिलं, ग्लॅडिस. अर्थातच, घरात कुणाला पत्ता लागू न देता.

सोमवारी काटेरी झुडपांत उभं राहून, गारठलेल्या बोटांनी त्याने कळवलं: "ग्लॅडिस सगळ्यांपासून लांब, एकटीच. उजवा पाय जरा ओढतेय. डोळ्यांतून पाणी. हाक मारली तरी ढिम्म. रवंथ मात्र जोरात चालू आहे."

लगेच बायकोचा फोन. "अरे शहाण्या, हे घरच्या ग्रुपवर टाकलंयस! आई आहे त्यात!"

"थांब, काढतो, काढतो!"

"काय डोंबल काढतोस? वाचलं तिने. काहीतरी लिहितेय ती..."

ऑब्रीने आधाराला गाईचीच पाठ धरली, आणि एक डोळा मिटून सासूबाईंचा मेसेज उघडला.

"जावईबापू, काल जेवायला आपण सगळे जमलो होतो, पण माझ्या पोटच्या पोरांना यातलं काही म्हणजे काही दिसलं नाही. तुमचं मेलं किती बारीक लक्ष!



फक्त ते रवंथ नाही हो, नवी कवळी बसवलीये."