एका पासपोर्टावर दोघं

कस्तुराबाई पहाटे गेली. उन्हं वर येईपर्यंत गावाला कळलं आणि अंगण भरलं. पण तिला उचलता येत नव्हतं. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय बाईला नेत नाहीत, आणि तिचा भाऊ आप्पाराव पालमहून अजून पोचला नव्हता. मोटार दुपारी यायची.

त्या खोळंब्यातच पोस्टमन आला. अंगणातली माणसं बघून सायकलवरून उतरला आणि तसाच माघारी वळला.

"काय हाय?" तिच्या नवऱ्यानं, लिंबाजीनं विचारलं.

"मुंबईचं रजिस्टर हाय, मालक. उद्या आणतो."

"दे आजच."

अंगठा उठवून त्यानं पाकीट घेतलं. पूर्णा स्टेशनातले तारबाबू बन्सीधर मयतीला आले होते. अर्ज त्यांनीच भरून दिला होता, म्हणून लिंबाजीनं पाकीट त्यांच्याकडे दिलं. आतून गडद निळ्या जिल्दीचं पुस्तक निघालं. वर सोनेरी सिंह.

"पासपोर्ट आला, लिंबाजीराव," बन्सीधर हळूच म्हणाले. "तुमच्या दोघांचा."

नवराबायकोचं मिळून एकच पुस्तक. त्यांचा चंद्रभान आफ्रिकेत, नैरोबीच्या रेल्वेत फिटर होता. तिथं त्याला मुलगा झाला होता. नातू बघायला दोघांनी बोटीनं जायचं ठरलं होतं.

पुस्तक अंगणात फिरू लागलं. घेणारा आधी हात धोतराला पुसायचा. जिल्दीला दोन बारीक खिडक्या होत्या, त्यातून आतलं नाव दिसायचं. पानांवर केसाएवढ्या रेघांची जाळी होती. कुणी एक अक्षर खोडलं तरी जाळी फाटून दिसेल, असं बन्सीधरांनी सांगितलं. पुढची पानं सगळी कोरी होती.

"कोरी कशापायी?" लिंबाजीच्या आईनं, झुंबरबाईनं विचारलं. ती सुनेच्या उशाशी बसली होती.

"ज्या मुलखात जातील तिथला शिक्का बसतो, मावशी."

"अगं बाई. एवढे मुलूख हायत?"

आतल्या एका पानावर दोघांचे फोटो होते. नांदेडच्या फोटोवाल्यानं कस्तुराबाईला पदर कपाळाच्या मागं घ्यायला लावला होता. कुंकू काळं उमटलं होतं. ती समोर बघत होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चार माणसांत तिनं अशी मान वर केली नव्हती. लिंबाजीनं फोटो बघितला, मग जमिनीवर निजवलेल्या तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा फोटो बघितला. बोट लागू नये म्हणून पान कडेनं धरलं.

"वाचून दावा," झुंबरबाई म्हणाली. "काय लिवलंय सरकारनं?"

बन्सीधरांनी चष्मा लावला. आधी हिंदीत वाचलं, मग सांगितलं, "राष्ट्रपतींच्या नावानं जगातल्या सगळ्या सरकारांना विनंती केलीय. ह्या माणसांना आडवू नका. मोकळं जाऊ द्या. लागंल ती मदत करा आन् जपा."

रडणं थांबलं. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं पटका उतरवून मांडीवर ठेवला.

"हुकूम हाय का इनंती?" झुंबरबाईनं विचारलं.

"विनंती."

"आपल्या कस्तुरासाठी?"

"तिच्यासाठी बी."

झुंबरबाईनं सुनेच्या कपाळावरून हात फिरवला. "निजामाच्या वक्ताला हुकूमच यायचे. इनंती पहिल्यांदाच ऐकायले मी." मग ती लेकाकडे वळली. "लिंबा, ते पुस्तक तिच्या छातीवर ठिव. लांबचा रस्ता हाय. कुणी आडवलं तर दावंल."

कुणी हसलं नाही.

"तिला कुठं वाचता येत हुतं, आत्याबाई?" एकजण बोलली.

"तिला न्हाई, पण आडवणाराला तर येत असंल की," शेजारची कडूबाई म्हणाली. "ठिवा, भावजी."

बन्सीधर घाईनं पुढे आले. "तसं करू नका. सरकारची वस्तू हाय, जाळता येत न्हाई. आन् लिंबाजीराव नातवाकडं कशावर जातील? उलट हे मुंबईला धाडून वहिनींच्या फोटोवर रद्दचा शिक्का मारून आणावा लागंल. त्याबिगर त्यांना बोटीत घेणार न्हाईत." ते थांबले. मग आवाज उतरवून म्हणाले, "शिवाय ह्याच्यावर बायकोला एकटीला जाता येत न्हाई, मावशी. नवरा संगं लागतो. तसा नियमच हाय."

लिंबाजी उठला. पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं.

"नवरा संगं लागतो?"

"व्हय. इथं लिवलंय."

"मग ही कशी गेली?"

बन्सीधरांनी चष्मा काढला. तेवढ्यात रस्त्यावर मोटार थांबली आणि आप्पाराव काखेत लुगडं घेऊन पळत आला. हिरवं लुगडं अंगावर पडलं. बायकांनी एकदम हंबरडा फोडला. लिंबाजीनं पुस्तक बंडीच्या आतल्या खिशात घातलं. लेक जवळ नव्हता म्हणून विस्तवाचं मडकं त्यानंच उचललं आणि तो पुढे चालू लागला.

त्यानंतर चंद्रभानच्या पत्रांतून नातू रांगू लागला, चालू लागला, आजोबा कधी येणार म्हणून विचारू लागला. स्टेशनात बन्सीधर भेटले की पुस्तक मुंबईला धाडलं का म्हणून विचारतात. लिंबाजी म्हणतो, "धाडू."

तिच्या फोटोवर शिक्का मारून आणायचा राहिला आहे.