कोळशाची मुदत

पाणी अजून निळंच होतं.

नेरेइदाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सकाळी आठला तिने टाकीत निळ्या औषधाचे दहा थेंब टाकले होते. आता बारा वाजून गेले. रोज एव्हाना पाणी स्वच्छ व्हायचं, टाकीमागची भिंत दिसायला लागायची.

खालच्या मजल्यावरचा एवेलियो दार ढकलून आत आला. समुद्रकाठच्या कोहीमार गावातल्या त्या इमारतीत मासे पाळणारी आता ही दोनच घरं उरली होती. औषधाची बाटली त्यानेच दिली होती आणि तेव्हापासून तो तिच्यावर चिडलेला होता.

“कोळसा काढलास की नाही?” त्याने दारातूनच विचारलं. “किती वेळा सांगू? फिल्टरमध्ये कोळसा ठेवून औषध टाकायचं म्हणजे डॉक्टरला बोलवायचं आणि दारात कुत्रा सोडायचा! सगळं औषध तोच गिळतो. माशाच्या वाट्याला काय येणार, कप्पाळ?”

“नाही काढला.”

फिल्टर म्हणजे प्लॅस्टिकची बाटली कापून केलेला. त्यात स्पंज, आणि तिच्याच जुन्या पायमोज्यात बांधलेला कोळसा. योस्वेलने, तिच्या मुलाने, समुद्रापार जाण्यासाठी तराफ्यावर चढायच्या आदल्या दिवशी तो बांधला होता. गाठ मारता मारता म्हणाला होता, “हा महिनाभर चालतो, आई. हा संपायच्या आत माझा फोन येईल बघ.”

पलीकडचा किनारा तीन-चार दिवसांवर. त्याला जाऊन चौतीस दिवस झाले होते.

महिना उलटला तेव्हा नेरेइदाने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ठेवलं. महिन्याचं काय, चार दिवस इकडे तिकडे व्हायचेच. कोळसा चालतोय तोवर मुदत आहे. रोज सकाळी औषध टाकायचं, दुपारी निळा रंग नाहीसा झाला की म्हणायचं, आहे, अजून दम आहे. मासा आजारी पडला ते तिच्या पथ्यावरच पडलं होतं. त्याची तिला लाज वाटायची, पण थेंब टाकायचं काही थांबलं नव्हतं.

एवेलियो टाकीपाशी वाकला. एकटाच उरलेला काळा एंजल मासा कोपऱ्यात तिरका तरंगत होता. शेपटीवरची पांढरी बुरशी कालच्याएवढीच होती.

“अगं, पाणी निळं आहे की! कधी टाकलंस?”

“आठला.”

“मग संपला तुझा कोळसा!” एवेलियोचा राग कुठल्या कुठे पळाला. “रोज औषध पाजून पाजून तूच संपवलास त्याला. बरं झालं. आता औषध माशाला लागेल. वाचला बघ तुझा मासा!”

नेरेइदा खुर्ची ओढून बसली. मग उगाचच उठली, पुन्हा बसली.

“आनंदाची बातमी सांगतोय, बाई. तोंड काय असं केलंस?”

“तराफ्यावर चौघं होते, एवेलियो,” ती म्हणाली. “बाकीच्या तिघांच्या आयांना तू सांगून ये. माझ्याने नाही होणार.”